कमी खर्चात घराचे कॅमेरे: आधी दार बघा, मग खोकं उघडा

आठ कॅमेऱ्यांचा संच स्वस्तात मिळाला, सगळे भिंतीवर चढले, आणि चोरी झाली त्या रात्रीच्या फुटेजमध्ये दिसली ती फक्त एक राखाडी टोपी. अशी तक्रार सर्रास ऐकू येते. तिथे कॅमेरे कमी पडलेले नसतात, पण त्यातल्या एकालाही ठरवून काम दिलेलं नसतं. पैसे मोजके असतील तर आधी काम ठरवायचं आणि मग त्या कामाला पुरेल एवढाच कॅमेरा घ्यायचा. जागेवर नेमके बसवलेले दोन कॅमेरे हे कसेही टांगलेल्या आठांना भारी पडतात.

पायरी १: कागद घेऊन घराभोवती फेरी

घराचा ओबडधोबड नकाशा काढा. आत शिरण्याच्या सगळ्या वाटांवर खुणा करा: मुख्य दार, मागचं दार, तळमजल्याच्या खिडक्या, गच्चीचा जिना, गाडी उभी करायची जागा. मग प्रत्येक खुणेपुढे एका ओळीत लिहा की तिथे नेमकं काय कळायला हवं. कोणीतरी आलं, एवढं कळलं तरी पुरेल? आलेला माणूस ओळखीतला आहे की नाही हे कळायला हवं? की पूर्ण अनोळखी माणसाचा चेहरा पोलिसांपुढे ठेवता येईल इतका स्पष्ट हवा? ही तीन कामं वेगवेगळी आहेत आणि तिन्हींचा खर्चही वेगळा.

फेरी मारताना दिसेल की वाटा पाच असल्या तरी माणसाला ज्यातून जावंच लागतं अशा चिंचोळ्या जागा एक-दोनच असतात: फाटक, बोळ, जिन्याचं तोंड. चेहरा टिपायचा कॅमेरा तिथे लागतो. बाकीच्या जागी नुसती हालचाल दिसली तरी चालतं, आणि काही जागांना कॅमेऱ्याची गरजच नसते.

हीच फेरी अंधार पडल्यावर पुन्हा मारा. कुठे दिवा आहे, कुठे मिट्ट काळोख, विजेचा पॉइंट कुठे, राउटर किती भिंतींपलीकडे, सकाळ-संध्याकाळचं ऊन कुठून तोंडावर येतं, हे सगळं नकाशावर टिपून ठेवा. आणि हात लागलाच आहे तर कड्या-कोयंडेही हलवून बघा. कॅमेरा कोणाला अडवत नाही. फार तर तो चोराचा विचार बदलतो, नाहीतर झालेल्या गोष्टीची नोंद ठेवतो. मागच्या दाराचा कोयंडा खिळखिळा असेल तर पहिला खर्च तिथे करा, कॅमेरा एक कमी घ्या.

पायरी २: मेगापिक्सेलपेक्षा लेन्स बघा

जाहिरातीत मोठ्या अक्षरात मेगापिक्सेल असतात, कारण तो आकडा वाढवून सांगता येतो. तुमच्या कामाचा आकडा वेगळाच आहे: ज्या अंतरावर माणूस उभा राहणार, तिथे एक मीटर रुंदीत किती पिक्सेल पडतात? आयईसी ६२६७६-४ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीत याचे आकडे दिले आहेत. काहीतरी आहे एवढं कळायला मीटरला २५ पिक्सेल, ओळखीचा माणूस ओळखायला १२५, आणि अनोळखी माणसाची ओळख पटवायला २५०.

आता गणित करून बघू. २ मेगापिक्सेलच्या, म्हणजे १०८०पी कॅमेऱ्याचं चित्र १९२० पिक्सेल रुंद असतं. त्याला २५० ने भागलं की साधारण ७.७ मीटर येतात. म्हणजे चेहऱ्याची खात्री हवी असेल तर त्या अंतरावर चित्रात ७.७ मीटरपेक्षा जास्त रुंदीचा देखावा मावता कामा नये. स्वस्त कॅमेऱ्यांत बहुधा २.८ मिमीची लेन्स असते आणि तिचा कोन साधारण १०५ अंशांच्या आसपास असतो. इतक्या रुंद कोनात ही मर्यादा जेमतेम ३ मीटरवर संपते. त्यापुढचा माणूस दिसतो, पण त्याचा चेहरा दाखवून कोणाला काही सिद्ध करता येईल असं नाही.

यावर दुकानदार म्हणेल, मग ४ मेगापिक्सेलचा घ्या. त्याचं चित्र २५६० पिक्सेल रुंद, म्हणजे त्याच लेन्सने तुमचे ३ मीटर वाढून ४ च्या जवळ जातात. जादा पैसे देऊन मिळाला एक मीटर. त्याऐवजी तोच २ मेगापिक्सेलचा कॅमेरा ४ मिमी लेन्समध्ये घेतला तर कोन साधारण ८० अंशांवर येतो आणि मर्यादा साडेचार मीटरपर्यंत जाते. ६ मिमीत ती सात मीटरच्या पुढेही सरकते. एकाच मॉडेलच्या या लेन्सच्या किमतीत बहुतेक वेळा फरक नसतो किंवा नगण्य असतो. सेन्सरच्या (कॅमेऱ्यातल्या उजेड टिपणाऱ्या चिपच्या) आकारानुसार कोन थोडा इकडे-तिकडे होतो, म्हणून खोक्यावरचा कोन वाचून घ्या. फाटकावर अरुंद लेन्स, अंगणावर रुंद, एवढं लक्षात ठेवलं तरी बजेटचा मोठा भाग वाचतो.

डिजिटल झूमवर विसंबू नका. जे पिक्सेल टिपलेच गेले नाहीत ते मोठे करून दिसणार नाहीत. गोल फिरणारा कॅमेराही नवख्याला फार मोहात पाडतो, पण तो एका वेळी एकाच दिशेला बघतो आणि नेमक्या वेळी दुसरीकडे तोंड करून बसलेला असू शकतो. घरात कोणी सतत स्क्रीनपुढे बसणार नसेल तर स्थिर कॅमेराच घ्या.

दार उघडल्यावर बाहेरचा लख्ख उजेड मागे येतो आणि माणूस काळी सावली होतो, अशी जागा असेल तर मात्र डब्ल्यूडीआरसाठी, म्हणजे लख्ख उजेड आणि सावली दोन्ही एकाच चित्रात सांभाळणाऱ्या सोयीसाठी, थोडे जास्त पैसे मोजा. त्यातही 'डिजिटल डब्ल्यूडीआर' लिहिलं असेल तर तो बहुधा सॉफ्टवेअरचा मेकअप असतो. या सोयीचं माप डीबीत देतात; १२० डीबी असं स्पष्ट लिहिलेला बघा.

पायरी ३: रात्रीचं चित्र

दिवसा सगळेच कॅमेरे चांगले दिसतात. निवड रात्रीच्या चित्रावरून करायची असते, आणि खोक्यावरचं चित्र रात्रीचं म्हणून दाखवलेलं असलं तरी विश्वास ठेवायचा नसतो. त्याच मॉडेलचं रात्रीचं खरं फुटेज शोधा, आणि तेही चालत्या माणसाचं. उभ्या माणसाचा चेहरा कोणताही कॅमेरा टिपतो. अंधारात मात्र कॅमेरा उजेड गोळा करण्यासाठी शटर जास्त वेळ उघडं ठेवतो. शटर १/१५ सेकंद असेल आणि माणूस सेकंदाला १.४ मीटर या साध्या चालीने आडवा जात असेल, तर तेवढ्यात तो ९ सेंटिमीटर सरकतो. म्हणजे चेहऱ्याची निम्म्याहून जास्त रुंदी फासली गेली. शटर १/६० असेल तर हीच सरकण सव्वादोन सेंटिमीटरवर येते. त्यासाठी लागतो उजेड, आणि उजेडाचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे हालचालीवर लागणारा एक साधा एलईडी दिवा. महागड्या कॅमेऱ्याचं निम्मं काम तो करतो, शिवाय येणारा माणूस दचकतो ते वेगळंच.

इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना जवळपास न दिसणाऱ्या उजेडाच्या दिव्यांचे कॅमेरे रात्री काळं-पांढरं चित्र देतात. कपड्यांचे, गाडीचे रंग त्यात कळत नाहीत. ८५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या दिव्यांत अंधारात बारीक लाल ठिपके दिसतात. ९४० चे दिसत नाहीत, पण त्यांचा पल्ला कमी पडतो. घरासाठी ८५० पुरेसे. कॅमेरा आहे हे कळलं तर बिघडत काहीच नाही. रात्री रंगीत चित्र देणारे कॅमेरे हवे असतील तर त्यांचा पांढरा दिवा शेजाऱ्यांच्या खिडकीत जाणार नाही हे आधी बघा. आणि सारख्याच आकाराच्या सेन्सरमध्ये मेगापिक्सेल वाढवले की प्रत्येक पिक्सेलच्या वाट्याला उजेड कमी येतो. म्हणून स्वस्तातला ८ मेगापिक्सेल रात्री स्वस्तातल्या २ मेगापिक्सेलपुढे फिका पडलेला दिसला तर नवल नाही.

कॅमेरा खिडकीच्या काचेआडून बाहेर रोखायचा बेत असेल तर तो सोडा. रात्री त्याचेच इन्फ्रारेड किरण काचेवरून परत येतात आणि चित्रात नुसता पांढरा धुरळा उरतो. छज्जाच्या किंवा भिंतीच्या अगदी जवळ लावला तरी थोडं तसंच होतं. कोळी हा या दिव्यांचा नेहमीचा गिऱ्हाईक: दिव्याकडे किडे येतात, किड्यांमागे कोळी, आणि जाळं बरोब्बर लेन्ससमोर. अधूनमधून ब्रश फिरवण्याला पर्याय नाही.

पायरी ४: वायर, वायफाय की बॅटरी

भाड्याचं घर आणि एक-दोन कॅमेरे असतील तर वायफायचा, मेमरी कार्ड घेणारा कॅमेरा पुरे. जाताना काढून नेता येतो. फक्त 'वायरलेस' हा शब्द वाचून वायर लागणारच नाही असं समजू नका. विजेची वायर त्यालाही लागते. पुष्कळ स्वस्त कॅमेरे २.४ गिगाहर्ट्झच्याच वायफायवर चालतात. घेण्याआधी मोबाइल घेऊन त्या जागी उभे राहा आणि त्याच वायफायवर व्हिडिओ कॉल करून बघा. तो अडखळत असेल तर कॅमेराही अडखळेल.

स्वतःचं घर आणि तीन-चार कॅमेरे असतील तर वायरच ओढा. त्यात दोन रस्ते. ॲनालॉग एचडी कॅमेरे, कोॲक्सिअल केबल (टीव्हीच्या केबलसारखी) आणि डीव्हीआर (त्यांचं चित्र साठवणारा रेकॉर्डर) हा सहसा स्वस्त रस्ता. घरात जुन्या कॅमेऱ्यांची केबल आधीच भिंतीतून गेलेली असेल तर बहुतेक वेळा तीच वापरता येते आणि मोठा खर्च वाचतो. दुसरा रस्ता आयपी कॅमेरे (नेटवर्कवरून चित्र पाठवणारे) आणि एनव्हीआर (त्यांचा रेकॉर्डर) यांचा. यात पीओई असेल तर एकाच नेटवर्क केबलमधून वीजही जाते आणि चित्रही येतं. केबलची मर्यादा १०० मीटर, घराला भरपूर. केबल घेताना ती शुद्ध तांब्याची आहे का हे विचारा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्त असते, पण लांब अंतरावर तिच्यातून वीज नीट पोचत नाही आणि मग कॅमेरा रात्री दिवे लागताच बंद-चालू होत राहतो. असा बिघाड शोधता शोधता माणूस हैराण होतो.

बॅटरीचे कॅमेरे लावायला सर्वांत सोपे, पण ते बहुधा सलग रेकॉर्ड करत नाहीत. हालचाल जाणवली की जागे होतात आणि कधी कधी जागे होईपर्यंत माणूस निघून गेलेला असतो. वीज पोचवणं खरंच अशक्य आहे अशाच जागी ते वापरा.

आयपी कॅमेरा घेताना ऑनव्हिफ हा शब्द शोधा. ॲक्सिस, बॉश आणि सोनी या कंपन्यांनी २००८ मध्ये सुरू केलेलं हे सामाईक मानक आहे. ते पाळणारा कॅमेरा उद्या दुसऱ्या कंपनीच्या एनव्हीआरला जोडता येण्याची शक्यता बरीच असते. नाहीतर एक कॅमेरा बिघडला की त्याच कंपनीच्या दारात पुन्हा उभं राहावं लागतं. आणि आज दोनच कॅमेरे घेणार असलात तरी रेकॉर्डर चार चॅनेलचा, म्हणजे चार कॅमेरे जोडता येतील असा घ्या.

पायरी ५: फुटेज कुठे आणि किती दिवस

एक सूत्र पाठ करा: कॅमेरा सेकंदाला १ मेगाबिट वेगाने चोवीस तास रेकॉर्ड करत असेल तर दिवसाला १०.८ जीबी लागतात. एच.२६५ या व्हिडिओ आकसून साठवण्याच्या पद्धतीत १०८०पी चित्राला २ मेगाबिट धरले तर एका कॅमेऱ्याचे रोजचे २१.६ जीबी होतात. चार कॅमेऱ्यांचे ८६.४. १ टीबीची डिस्क साडेअकरा दिवसांत भरते आणि जुन्यावर नवं लिहिलं जातं. लांबच्या गावी पंधरा दिवस जाण्याची सवय असेल तर २ टीबी घ्या, किंवा कमी महत्त्वाच्या कॅमेऱ्यांना फक्त हालचालीवर रेकॉर्ड करायला लावा. दारावरचा मात्र सलगच ठेवा. हालचाल ओळखण्यात चूक होते ती नको तिथेच होते. जुन्या एच.२६४ पद्धतीत तितक्याच दर्जाला बरीच जास्त जागा लागते, म्हणून या घडीला एच.२६५ नसलेला रेकॉर्डर घेण्यात अर्थ नाही.

डिस्क अहोरात्र लिहिण्यासाठी बनवलेली, पाळत-कामाची घ्या. संगणकातली जुनी काढून बसवायचा मोह होतो. काही दिवस चालते आणि मग कधी बंद पडली ते कळतही नाही. मेमरी कार्डाचंही तेच. 'हाय एंड्युरन्स' लिहिलेलं घ्या आणि भरवशाच्या ठिकाणाहून घ्या, कारण खोटी क्षमता छापलेली कार्डं विकली जातात. वरच्याच हिशोबाने १२८ जीबीचं कार्ड एका कॅमेऱ्याला सहा दिवसांपेक्षा थोडं कमी पुरतं.

कार्डाच्या कॅमेऱ्याची एक अडचण अशी की चोराने कॅमेराच उचलला तर पुरावाही त्याच्याबरोबर गेला. म्हणून तो हाताला लागणार नाही अशा उंचीवर हवा. रेकॉर्डरही टीव्हीशेजारी मांडून ठेवू नका, कपाटात किंवा माळ्यावर ठेवा. फक्त हवा खेळती राहू द्या.

क्लाउड, म्हणजे फुटेज इंटरनेटवरून कंपनीच्या संगणकांवर ठेवणं, सोयीचं असतं, पण तिथे दर महिन्याचं भाडं चालू होतं. कॅमेऱ्याची किंमत आणि तीन वर्षांचं भाडं यांची बेरीज करा, आणि मग दुसऱ्या पर्यायाशी तुलना करा. कित्येकदा 'स्वस्त' कॅमेरा इथेच महाग ठरतो. घेण्याआधी नेमकं विचारा की पैसे भरणं थांबवलं तर काय चालू राहील: थेट चित्र, कार्डावरचं रेकॉर्डिंग, सूचना? इंटरनेटचा अपलोड वेगही बघा. २ मेगाबिटचे दोन कॅमेरे सलग क्लाउडवर पाठवायचे तर ४ मेगाबिट अपलोड त्यांनाच लागतो.

वीज गेली की सगळंच झोपतं. छोटा यूपीएस (वीज गेल्यावर बॅटरीवर चालवणारा) कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर तिघांनाही जोडलेला असला तरच उपयोग. पीओई स्विच (नेटवर्क केबलमधून कॅमेऱ्यांना वीज देणारी पेटी) असेल तर त्याला यूपीएस जोडला की सगळे कॅमेरे आपोआप आले, ही त्या पद्धतीची मोठी सोय.

पायरी ६: बसवताना

उंची अडीच ते तीन मीटर ठेवा. त्याहून वर गेला की टोप्या आणि टक्कल दिसायला लागतात. चेहऱ्याचा कॅमेरा शक्य असेल तर याहूनही खाली, दाराच्या आतल्या बाजूला, आत येणाऱ्याकडे तोंड करून लावा. बाहेरच्या कॅमेऱ्याला आयपी ६६ किंवा आयपी ६७ असा धूळ-पाणी रोखण्याचा दर्जा हवा (हा आयपी कॅमेऱ्यातला आयपी नव्हे). पण पाणी कॅमेऱ्यापेक्षा जोडातून जास्त शिरतं. वायरचे जोड बंद डबीत ठेवा आणि वायरला डबीआधी खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकून जाईल. भोकं पाडण्याआधी कॅमेरा तात्पुरता बांधून एक दिवस आणि एक रात्र चित्र बघा. हे सहसा कोणी करत नाही.

पायरी ७: कॅमेऱ्याला कुलूप

२०१६ मध्ये मिराय नावाच्या घातक सॉफ्टवेअरने जगभरातले लाखो कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर ताब्यात घेतले. त्यासाठी फार मोठी हुशारी लागली नाही. कारखान्यातून आलेले पासवर्ड कोणी बदललेच नव्हते आणि त्यांची यादी नाव-पासवर्डच्या मोजक्या जोड्यांची होती. त्या उपकरणांच्या फौजेने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डाइन (Dyn) या, वेबसाइटची नावं त्यांच्या पत्त्यांशी जुळवून देणाऱ्या कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा काही तास कोलमडल्या.

तेव्हा पहिल्या दिवशीच पासवर्ड बदला, ॲपला दोन टप्प्यांची पडताळणी लावा, फर्मवेअर (कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर) अद्ययावत करा. राउटरमधलं यूपीएनपी (उपकरणांना बाहेरची वाट आपोआप उघडून देणारी सोय) बंद करा. इन्स्टॉलर 'बाहेरून बघायला पोर्ट उघडतो', म्हणजे इंटरनेटवरून थेट आत यायची वाट ठेवतो, म्हणाला तर नको म्हणा. ॲपमधून किंवा व्हीपीएनने (घरच्या नेटवर्कपर्यंतच्या सुरक्षित खासगी जोडणीने) बघता येतं. आणि काम झाल्यावर त्याने स्वतःच्या मोबाइलवर तुमचा कॅमेरा जोडून ठेवलेला नाही ना, हे न संकोचता तपासा. नाव-गाव नसलेल्या कंपनीचा कॅमेरा सर्वांत स्वस्त असतो, पण त्याला अपडेट कधीच येत नाही. बजेट कितीही ताणलेलं असलं तरी ही काटकसर करू नका.

झोपायच्या खोलीत, न्हाणीघराच्या दिशेने कॅमेरा नकोच. २०२३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ॲमेझॉनच्या रिंग या कंपनीवर आरोप ठेवला की तिथल्या कर्मचाऱ्यांना ग्राहकांचे खासगी व्हिडिओ बघता येत होते. ५८ लाख डॉलर देऊन ते प्रकरण मिटलं. मोठ्या कंपनीचं असं होऊ शकतं, तर घरातला कॅमेरा तुम्ही घरी असताना बंद ठेवणं किंवा त्याचं तोंड झाकणं हा अतिरेक नव्हे.

शेजाऱ्यांच्या खिडक्या आणि दार चित्रात येत असतील तर सेटिंगमधल्या प्रायव्हसी मास्कने तो भाग काळा करा आणि त्यांना तसं सांगूनही टाका. आवाज रेकॉर्ड करण्याचे कायदे चित्रापेक्षा कडक असू शकतात. गरज नसेल तर माइक बंदच ठेवा.

पायरी ८: चाचणी

सगळं बसल्यावर घरच्या कोणाला तरी रात्री टोपी घालून फाटकातून दारापर्यंत नेहमीच्या चालीने यायला सांगा. मग रेकॉर्डिंग बघा, थेट चित्र नाही; दोन्हींचा दर्जा वेगळा असू शकतो. चेहरा कळत नसेल तर आधी कोन बदला, मग दिवा वाढवा, आणि त्यानंतरच नव्या कॅमेऱ्याचा विचार करा. सूचना सारख्या वाजत असतील तर रस्ता आणि हलणाऱ्या फांद्या हालचालीच्या क्षेत्रातून वगळा, नाहीतर आठवड्याभरात तुम्ही सूचना बघणंच सोडून द्याल.

रेकॉर्डरचं घड्याळ इंटरनेटवरून आपोआप जुळेल असं लावा. वीस मिनिटं पुढे असलेल्या फुटेजवर नंतर नको ते प्रश्न निघतात. आणि गरज पडण्याआधीच एकदा दहा मिनिटांचं फुटेज पेन ड्राइव्हवर काढून दुसऱ्या संगणकावर चालवून बघा. काही रेकॉर्डर फक्त फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला ड्राइव्ह ओळखतात, काहींची फाइल त्यांच्याच प्लेअरमध्ये उघडते. स्क्रीनचा मोबाइलने काढलेला व्हिडिओ तक्रारीसोबत देऊ नका, मूळ फाइल द्या आणि तिची एक प्रत स्वतःकडे ठेवा, कारण वरच्या १ टीबीच्या हिशोबाने साडेअकरा दिवसांनी रेकॉर्डरमधली पुसली जाणार आहे.